मागल्या भिंतीतल्या भोकाची तजवीज

मी, शेवंती सगुण सावळ, वय सत्तरीच्या पुढे, राहणार सर्वण, तालुका डिचोली, राज्य गोवा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी दटावले नसताना हे मृत्युपत्र करते. शिक्षण दुसरीपर्यंत. घरात बोलणे कोंकणी, लिहिणे मराठी, भांडण दोन्हीत.

१. घराचा अर्धा भाग नवऱ्यामागून मुलगा गुरुदास याला गेलाच आहे. माझ्या अर्ध्यातलाही निम्मा गोव्याच्या कायद्याने त्याचाच. उरलेल्या चौथाईवर माझी जीभ चालते. त्या चौथाईत स्वयंपाकघर आणि त्याची मागली भिंत धरावी.

२. कुड्या आणि नथ नात हर्षा हिला. तांब्याची भांडी सून रूपाली हिला, कारण घासते तीच. शेजारी बाबली याने भिंतीतल्या मधमाश्यांना धूर घाला म्हणून तीनदा तगादा लावला, त्याला काही नाही. आमच्या माश्या त्याच्या काजूंच्या मोहरावर जातात, तेवढे पुरे.

३. मागल्या भिंतीत, चिरे रचताना परांचीच्या वाशासाठी सोडलेले एक भोक आहे. त्यात म्होंवाच्या, म्हणजे मधाच्या, माश्यांचे घर आहे. गोवा राज्य झाले त्या वर्षी गुरुदासने, घर नीट दिसावे म्हणून, ते सिमेंटने बुजवले. माश्या आतच मेल्या. त्या पावसात परसातल्या तवशीला, म्हणजे काकडीला, आणि तांबड्या भोपळ्याला फूल आले, पण कोवळे फळ पिवळे पडून गळून गेले. कोणी पाळी गावच्या खाणीची धूळ म्हटले, कोणी दृष्ट. गुरुदास देवळात गाऱ्हाणे घालून आला. मला वाटले, आधी बघावे. एका वेलावर नराचे फूल तोडून मादीच्या फुलात हाताने घासले, दुसऱ्याला हात लावला नाही. घासलेल्या वेलाला फळ धरले, दुसऱ्याचे गळाले. तो पावसाळा रोज सकाळी मीच माशी झाले. कंबर मोडली, तेव्हा कळले, त्या काय करत होत्या.

४. मग पारयीने, लोखंडी पहारीने, सिमेंट फोडले, वासाने नव्या याव्यात म्हणून आतून जुने मेण चोळले. तिसऱ्या वर्षी नवा थवा येऊन बसला. एका माशीला गंधाचा ठिपका लावून, पेल्यात झाकून, तळीपाशी नेऊन सोडली. मी चालत घरी आले तर ती दारात हजर. वाट कशी ओळखली, अजून कळले नाही. अंधारात सगळ्या खोल्या सारख्या कशा बांधतात, तेही नाही. ज्याला कळेल त्याने हर्षाला सांगावे. तिने तरी विचारले होते.

५. मध वर्षातून एकदाच, थोडासाच काढावा. अंड्यांचा भाग शिवू नये. पावसाच्या तोंडावर तर मुळीच काढू नये, पावसात त्यांना बाहेर काही मिळत नाही.

६. गुरुदासला मागली भिंत आहे तिथे ट्रकसाठी शेड हवी आहे. "आवय, माश्यांक राखून ट्रक खंय उभो करूं?" असे विचारतो. ट्रकला चाके आहेत, कुठेही उभा राहील. वकिलांकडे मी भिंत हर्षाच्या नावावर मागितली. ते म्हणाले, "आजी, भिंत अशी सुटी देता येत नाही."
"मग बाब, भोक देता येता?"
त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणून अशी अट ठरली: भोक उघडे आणि भिंत उभी आहे तोवर माझी चौथाई गुरुदासची. भोक बुजले किंवा भिंत पडली, की त्याच दिवशी ती हर्षाची, आणि स्वयंपाकघरात पाय ठेवायला बापाने लेकीला विचारावे.

७. काल गुरुदास ट्रक लावून भोकाला कान देऊन उभा होता. "किदें रे?" विचारले.
"कांय ना. आंत आवाज येता."
"शंभरदा सांगलां तुका."
"इतलो व्हड आसतलो अशें दिसूंक नाशिल्लें," म्हणाला. एवढा मोठा असेल असे वाटलेच नव्हते म्हणे. मग मान खाली घालून जेवायला गेला.
वकील विचारतात, मग सहावे कलम काढायचे का. काढू नये. कान देणे एका दुपारचे असते, भोक जन्मभर राखायचे आहे.

हे मी वाचून, दोन ठिकाणी खोडून, सही केली. अंगठा नाही.

शेवंती सगुण सावळ

साक्षीदार:
१. रामचंद्र परब, सर्वण
२. चंद्रावती गावकर, सर्वण (हिला दोनदा माशी चावली आहे, तरी सही केली)

मुक्काम सर्वण, ता. ११ मार्च १९९३, दुपारी, माश्या कामावर असताना.