सर्वात महागडा प्रेक्षक

३ मार्च, सकाळ
पेपरात माझा फोटो. खाली छापलंय, ‘फुटबॉल क्लबचा सर्वात महागडा प्रेक्षक’. डोकंच फिरलं! ऑक्टोबरपासून गुडघा दुखावलाय म्हणून बाकावर बसतोय, हौसेनं नाही. पेपर टराटरा फाडला. बायको म्हणाली, मागच्या पानावर तिचं शब्दकोडं होतं.
संकल्प: पंधरा दिवसांत मैदानात.

५ मार्च
व्यायाम सुरू. एका पायावर दहा उड्या. दुसऱ्या उडीला टेबल धरलं, तर टेबलच कलंडलं. घरात एक वस्तू धड नाही.

८ मार्च
मेहुणा आला. हाच माझा एजंट. म्हणाला, दाजी, गप्प बसा. जखमी खेळाडूला काढता येणार नाही, हे कलम मी भांडून करारात घातलंय. वर्षभर लंगडत राहा, पगार चालू राहील.
लंगडत? मी? संतापून त्याला दारापर्यंत सोडायलाही उठलो नाही. गुडघ्याचा काही संबंध नाही.

१२ मार्च
माझ्या लॉकरमध्ये नव्या स्ट्रायकरचे बूट! उचलून भिरकावले. वाकताना कळ आली ती त्याच्या बुटांमुळे. कोचने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

१७ मार्च
उद्या फिटनेस टेस्ट. मीच मागितली. क्लबने लगेच हो म्हटलं. टरकलेत.

१८ मार्च, दुपार
आधी बाहेरच्या डॉक्टरकडून गुडघ्यात इंजेक्शन घेतलं. मग धावलो, वळलो, उड्या मारल्या. गुडघा आहे की नाही तेच समजेना. कोचने चक्क मिठी मारली. ‘मी पूर्ण तंदुरुस्त आहे’ या कागदावर ऐटीत सही ठोकली. आता छापा म्हणावं!

संध्याकाळ
इंजेक्शन उतरलं. बूट बायकोने काढला. मग शब्दकोडं घेऊन बसली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

२० मार्च
करार संपवला! तंदुरुस्त खेळाडूला म्हणे महिन्याचा पगार देऊन लगेच काढता येतं. हरामखोर! मिठी मारताना ठाऊक होतं कोचला! वर पत्रक काढलंय, ‘तो ठणठणीत होऊन जातोय याचा आनंद आहे.’
मेहुण्याला फोन लावला. सहीचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ताईला द्या जरा.

४ एप्रिल
दुसऱ्या क्लबच्या डॉक्टरने गुडघा दाबून बघितला. पुढे बोलणंच झालं नाही. अडाणी माणूस.

११ एप्रिल
मॅचला गेलो. माझ्याशिवाय यांची कशी दाणादाण उडते ते बघायला. तिकिटं बायकोने काढली, सर्वात स्वस्त, पार वरच्या रांगांतली. चढून पोचेपर्यंत गुडघा टम्म सुजला, वाकेचना. कठडा धरून उभा राहिलो.
नव्या स्ट्रायकरने गोल मारला. सगळे उठले, नाचले, बसले. मी उभाच. मागून एक जण ओरडला, ओ काका, खाली बसा की, आम्हीपण पैसे मोजलेत!
तावातावाने मागे वळलो. तोंडाकडे नीट बघ म्हटलं. त्याने बघितलं. ओळखलं नाही.
बायको त्याला म्हणाली, त्यांना बसता येत नाही हो.