जिन्याची वरची खिडकी

४ मे
समोरच्या बिल्डिंगमधी आग लागली, त्याला आठवडा झाला. जाळ खालीच होता. दोघं चवथ्या मजल्यावर, जिन्यात गेली. धुरानं. आम्ही पण चवथ्याच मजल्यावर. माझी सृष्टी पाच महिन्यांची. तो काळा जिना किचनमधून दिसतो. मी बघतच नाय तिकडं. ठरवलं, घाबरायचं नाय, डोकं चालवायचं.

६ मे, सकाळी
धूर कुठं जातो ते बघायला सृष्टीच्या धुरीची शेगडी जिन्यात नेली. ओवा टाकला. जिन्याची वरची खिडकी गच्च बसलेली, लाटण्यानं ठोकून उघडली. धूर सरळ वर, बाहेर. वारं अजिबात नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, पोरगी आत रडतीये अन् ही भिंतींना धुरी देतीये. त्यांना काय कळतंय.

७ मे
खिडकी सुतळीनं बांधून कायमची उघडी ठेवली. शेजारच्या सुवर्णाताईला सांगितलं, आग लागली की दार उघडं टाकायचं, धूर वर निघून जातो. ती म्हणाली, तू तर फायर ऑफिसरच झाली. बरं वाटलं. आता झोप लागंल.

८ मे
नाय लागली.

१२ मे
लय वारं. जिन्यात धूळच धूळ. सृष्टीचे पप्पा, समाधान, म्हणाले, खिडकी पश्चिमेला हाय, वारं आत घुसतंय. म्हटलं, चांगलंय की, हवा खेळती राहते.

१५ मे
संध्याकाळी पार्किंगमधी चार्जिंगला लावलेली गाडी पेटली. मी लगेच दार उघडं टाकलं. धूर वर आला, खिडकीपाशी गेला, अन् वाऱ्यानं मागं लोटला. सगळा आमच्या घरात. सृष्टी रडता रडता गप झाली. सासूबाईंनी दार लावलं, फटीत ओली चादर कोंबली. मला म्हणाल्या, "मंजुषा, आता कशाला हात लावू नको."

१६ मे
डॉक्टर म्हणाले, सृष्टी बरी हाय. आगीच्या बंबावरचा माणूस म्हणत होता, ज्या बाजूनं वारं येतं तिकडची खिडकी उघडली की धूर जात नाय, उलटा आत दाबला जातो. म्हणजे माझी खिडकी बरोबर होती. वारं चुकलं.
सुवर्णाताईनं मला दारात पाहिलं अन् तिचं दार लावून घेतलं. तिच्या पोराला अजून खोकला हाय.

१९ मे
निफाडला आले, माझ्या आईकडं. घाबरून नाय, हवापालट म्हणून. घर बैठं हाय, जिनाच नाय.

२० मे, सकाळी
आईनं अंघोळीच्या पाण्याला चूल पेटवली. मी सृष्टीला उचलून अंगणात. आई म्हणाली, "अगं, पाणी तापतंय नुसतं."
पाणी तापून गार झालं. आम्ही अजून अंगणातच. वारं कुठून येतंय, तेच कळंना.