उपाशी मावा

प्रिय दादास, धाकटीचा नमस्कार. वहिनीला वेगळा नमस्कार (तुझ्यातला अर्धा देऊ नकोस). तुझी कंबर आता सरळ झाली असेलच. इकडे बाबांची तब्येत ठणठणीत आहे, बिघडली आहे ती माझी.

त्यांना घरात करमेना, म्हणून मी त्यांना आमच्या चारापिकांच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे मी लसूणघासावरचा मावा पाळते (तू पाहुण्यांना 'ती सरकारी नोकरीत आहे' एवढंच सांगतोस, ते ठाऊक आहे मला). हा इवलासा किडा रोगट रोपाचा रस पितो आणि त्याच सोंडेने निरोगी रोपाला विषाणू टोचतो. प्रयोगाआधी त्याला थोडा वेळ उपाशी ठेवावं लागतं, म्हणजे रोगट पानावर तो लगेच तोंड टाकतो. हे सगळं बाबांना नीट समजावलं आणि मी चहा आणायला गेले. आता जन्मभर खानावळ चालवलेल्या माणसाला कोणी उपाशी बघवतं का? परत येते तो सगळे जाळीचे पिंजरे उघडे, रोगट-निरोगी एकाच ताटात, आणि बाबा समाधानाने म्हणाले, "बिचारे पोटभर जेवले गं."

पंखवाले होते ते खिडकीतून थेट शेजारच्या गोठेवाल्याच्या लसूणघासात. त्याच्या गाई त्याच चाऱ्यावर जगतात. बाबांना बरोबर घेऊन माफी मागायला गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि आम्हाला शेताच्या मधोमध नेलं. तिथली पानं आधीच पिवळी पडून आखडलेली.

"बाई, तुमचे आज आले. माझ्याकडे कधीचे मुक्कामाला आहेत. विचारायचं कोणाला तेच कळत नव्हतं."

मला हसावं की रडावं कळेना. रोगट ठोंब आम्ही तिघांनी मिळून उपटले, उरलेलं पीक फुलायच्या आत कापायला लावलं. नवी फूट बरीच हिरवी आली आहे. आता माझा प्रयोग त्याच्याच शेतात चालतो आणि साहेब ही कल्पना स्वतःची म्हणून सांगत फिरतात.

तुझी,
धाकटी

ता.क. बाबांना महिनाभर तुझ्याकडे ने. पिंजरे पुन्हा भरायचे आहेत. मी सुचवलं असं मात्र बोलू नकोस.

ता.क. (बाबांकडून) चि. मोठ्यास आशीर्वाद. पाकीट चिकटवायला हिने माझ्याकडेच दिलं. मी येत नाही, गोठेवाल्याची गाय व्यायला झाली आहे. तू हिलाच घेऊन जा, कामाने फार वाळली आहे. पिंजऱ्यांकडे मी बघतो.