खेळातले अण्णा

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

खूप आशीर्वाद. आई बरी आहे, गुडघा सोडला तर. दुकानही चाललंय, शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे शिवायला आलेत, मान वर करायला फुरसत नाही. तुझ्या व्हिडिओ गेमला मोठं बक्षीस मिळाल्याचं पेपरात वाचलं. कळवायचं तुझ्या लक्षात राहिलं नसेल, चालायचंच.

नव्या आवृत्तीसाठी तुला अण्णांचा खरा आवाज हवाय, माझ्या फोनमधले त्यांचे निरोप पाठव, असं तू दोनदा लिहिलंस. त्याबद्दल पुढे लिहिते. आधी खेळाबद्दल.

पेपरात म्हटलंय, असा खेळ दहा वर्षांत झाला नाही. म्हटलं, बघू तरी आमच्या दुकानाचा खेळ करून काय दिवे लावलेत. आईचा टॅब घेऊन बसले. पहिलंच गिऱ्हाईक सुती कापड घेऊन आलं आणि मी बादली शोधायला लागले. कापड भिजवून वाळवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे अण्णांनी आपल्या दोघांच्याही टाळक्यात बसवलं होतं. मागच्या मोरीत गेले, टेबलाखाली बघितलं, बादली कुठेच नाही. तोवर रांगेतली माणसं वैतागून निघून गेली आणि पडद्यावर आलं, 'शिकाऊ. पुन्हा प्रयत्न करा.' मला! हेच दुकान मी निम्मं आयुष्य चालवतेय. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ती भराभर कापते, तिच्या नावापुढे पाच चांदण्या आहेत. जन्मात तिने साधी उशीची खोळ सरळ शिवली नाही.

तेव्हा माझं मत विचारशील तर बादलीशिवाय शिवणाचं दुकान म्हणजे नुसता देखावा. शिवाय कापायचं टेबल डावीकडे हवं. आणि अण्णा ऊठसूट पाठ थोपटत नसत. तुझ्या खेळातले अण्णा बटण लावलं तरी 'शाब्बास' म्हणतात. मी लग्नाचे सूट वेळेत दिले तरी "इस्त्री बघ" एवढंच ऐकायला मिळायचं. तुला म्हणत असतील, मला काय ठाऊक.

लोकांना अण्णा फार आवडतात म्हणे. कुठकुठली माणसं त्यांच्यासाठी रडतात. रडू देत. त्यांना उचलून कुशीवर वळवायला त्यातलं कोणी आलं नव्हतं.

खरं सांगू? जळफळाट होतोय माझा. दुपारचं जेवण झालं की आई तो टॅब घेऊन बसते. मी शेजारी येऊन बसले तरी तिला पत्ता नसतो. परवा खेळातल्या अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मग तोच शोधत बसले. आई हळूच म्हणाली, "अगदी असंच करायचे गं." मीही टॅबवर वाकून बघत राहिले. म्हणजे खेळ नावाजण्यासारखा आहे. घे, लिहिलं. घासात खडा आल्यासारखं तोंड करून लिहिलंय, पण लिहिलं.

आता निरोप. शेवटच्या वर्षी अण्णा वरच्या खोलीत पडून असायचे आणि खाली दुकानात मला फोनवर बोलून निरोप पाठवायचे. काल सगळे ऐकले. तुला वाटत असेल, ताई मोठा ठेवा दाबून बसलीय. ठेवा कसला? पाणी आण, पंखा कमी कर, आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी एकच, "बारक्याचा फोन आला का?" तुझ्या कामात व्यत्यय नको म्हणून स्वतः कधी करत नसत. माझी पाठ दुखतेय का, मी जेवले का, एकदाही नाही.

मी हातातलं शिवण टाकून वर जायचे आणि सांगायचे, आला होता, खुशाल आहे. ते ऐकलं की त्यांना झोप लागायची. तुझा फोन आलेला नसायचा, बारक्या.

सगळे निरोप पाठवले आहेत. बिनधास्त घाल खेळात. फक्त ते विचारतील तेव्हा उत्तर तुझं तू दे. मी आता जिना चढणार नाही.

तुझीच,
ताई