अंधार लवकर पडतो, त्याला मी काय करू!

२६ ऑक्टोबर
ऑफिसातून निघालो तर बाहेर काळोख. आत्ताआत्तापर्यंत याच वेळी ऊन असायचं. हिचा फोन. म्हणाली, आता हळू येत जा. इतकी वर्षं काय झोपेत गाडी चालवली? वेग मुद्दाम तोच ठेवला. एकदा घाबरलं की अंधार डोक्यावर बसतो.

३० ऑक्टोबर
समोरून येणारा प्रत्येक जण डोळ्यांत दिवे खुपसतो. लोकांना अक्कल नाही. मुलगी म्हणते, बाबा, काच आतून पुसा आणि डोळे तपासून घ्या. काच स्वच्छ आहे. डोळे तर माझेच आहेत.

४ नोव्हेंबर
मेकॅनिक म्हणाला, साहेब, डावा हेडलाइट गेलाय. म्हटलं, उजवा आहे ना? शिवाय हॉर्न उत्तम आहे.

७ नोव्हेंबर
नवी पद्धत! पुढच्या गाडीचे लाल दिवे पकडायचे आणि मागोमाग जायचं. रस्ता बघायची कटकटच नाही. उद्यापासून अंमल.

८ नोव्हेंबर
पद्धत झकास चालली. पुढची वळली, मी वळलो. ती थांबली, मी थांबलो. फक्त ती तिच्या घरी थांबली. उतरलेल्या बाईंनी विचारलं, कोण हवंय? तेवढ्यात त्यांचे यजमान हातात बॅट घेऊन बाहेर आले. दोष पद्धतीचा नाही. गाडी चुकीची निवडली.

१२ नोव्हेंबर
ऑफिसातल्या कॅशियरला लिफ्ट दिली. पहिल्याच सिग्नलला, इथे जरा काम आहे, म्हणून उतरला. तिथे नुसती भिंत होती. भित्रा माणूस.

१७ नोव्हेंबर
घराच्या वळणावर काहीतरी काळं हललं. ब्रेक दाबला. बंपरला पिशवी लागली, बटाटे रस्ताभर. बॉनेटवर हात टेकून ही उभी. काळा स्वेटर. ओरडली नाही. मीच आहे, एवढंच म्हणाली.
मी म्हटलं, असले कपडे घालून रस्त्यावर येतात का? ती बटाटे वेचत राहिली. मी वेचायला वाकलो, पण एकच बटाटा तीनदा हातातून निसटला. थंडीच फार होती.
जेवण गेलं नाही. पित्त.

१८ नोव्हेंबर
बसने गेलो. पर्यावरणाचाही विचार करायला हवा.

२१ नोव्हेंबर
मुलीने आणि हिने मिळून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन होईपर्यंत अंधारात गाडी बंद. मी विचारलं, अंधार म्हणजे नक्की किती? डॉक्टरांनी उत्तर हिला दिलं.
येताना गाडी हिने चालवली. इतकी छान चालवते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी हातच लावू दिला नव्हता, ते वेगळं. शेजारी बसून सूचना देत होतो. शेवटी जोरात ओरडलो, थांब, समोर ट्रक आडवा उभा आहे!
ती म्हणाली, ते आपलं घर आहे. उतरा.
उतरलो.