बावीस मयत बहिणींच्या वर्गणीचा खुलासा

प्रति,
मा. निबंधक,
धर्मादाय संस्था नोंदणी कार्यालय,
अलाबामा राज्य.

विषय: सभासद मयत असूनही वर्गणी जमा होत असल्याबाबत खुलासा, तसेच सुनावणी अलीकडच्या तारखेस घेणेबाबत.
संदर्भ: आपली दि. २ जूनची नोटीस.

महोदय,

१. मी, व्हर्नेल टॉलिव्हर, वय ८१, हॉली क्रीक कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींच्या भगिनी मंडळाची खजिनदार. सभासद तेवीस, वर्गणी वर्षाला माणशी साठ डॉलर. सभासद भराभर वारले, तरी २०१७ पासून दरवर्षी बरोबर तेराशे ऐंशी डॉलरच जमा कसे, असा आपला आक्षेप आहे. आपल्या कारकुनाने तर फोनवर सुनावले, "आजी, मेलेली माणसं पैसे भरत नसतात." आमची भरतात.

२. बहीण गेली तरी तिचे नाव कापायचे नाही, वर्गणी मागे राहिलेल्या बहिणीने भरायची, अशी आमची शपथ आहे. शपथ घेतली तेव्हा आम्ही एकोणीस वर्षांच्या, मरतेय कोण! २०२० साली नऊ उरलो, २०२२ साली दोघी, मी आणि ओझेला मॅब्री. स्वतःसकट ती अकरा जणींचे भरायची, मी बारा जणींचे. "व्हर्नेल, माझ्यामागे जगलीस ना, तर भिकेला लागशील बघ," असे ती चिडवायची. मार्चमध्ये तीही गेली. यंदाचे तेवीस जणींचे मी गाडी विकून भरले. आपल्याकडे तीन खेपा बसने घातल्या, त्या यामुळेच.

३. सातपेक्षा कमी सभासद असल्यास नोंदणी रद्द, असे नोटिशीत आहे. तो नियम मी चष्मा पुसून चारदा वाचला. सभासद जिवंत असावेत, असे त्यात कुठेही नाही.

४. नोंदणी गेली तर शिल्लक गोठेल आणि जनेल ब्रूस्टर ही मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात अडकेल. तिची फी आमच्या वर्गणीतूनच जाते. पुढच्या मेपर्यंत दम धरावा. मग खुशाल कुलूप लावा.

५. सुनावणी २६ जूनला आहे. माझ्या हृदयाचे ऑपरेशन २४ ला. जिवाला चैन नाही, महोदय; हा अर्जही तिसऱ्यांदा लिहिते आहे. अलीकडची कुठलीही तारीख द्यावी, सकाळी सातला दारात उभी राहीन. बावीस जणींची पुढच्या वर्षीची वर्गणी काल बँकेत भरून आले. माझी तेवढी राहिली आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
व्हर्नेल टॉलिव्हर
दि. ११ जून २०२५

सोबत:
१. वर्गणीच्या पावत्या, २०१७ ते २०२५.
२. मृत्यूचे दाखले, बावीस.
३. पाकीट, साठ डॉलर. मी ऑपरेशनमधून उठले नाही, तर माझी वर्गणी भरायला बहीण उरलेली नाही. कृपया आपण भरावी.