भिडस्तांचा ग्रुप

आदरणीय साडूभाऊ दिनेशराव यांस,

शिरपूरहून जानरावचा रामराम. इकडे सगळे खुशाल. तुमची कंबर आता कशी आहे? ताईंचा खोकला गेला असेल. (आमच्या गिरजेने बहिणीसाठी पाठवलेला काढा त्यांनी घेतला की तुळशीला घातला, ते मात्र कळवू नये.)

आता हकिकत. पुतणी सायलीने मोबाइलवर माझी कसलीशी स्वभावपरीक्षा घेतली. बाजारात गिऱ्हाइकाने वांगी फुकट मागितली तर काय कराल, वगैरे. निकाल आला: भिडस्त. तिने लगेच मला ‘आम्ही भिडस्त’ नावाच्या ग्रुपात घातलं. नको म्हणणार होतो, पण पोरीने इतक्या हौसेने केलेलं. ग्रुप मानोऱ्याच्या रतनसिंग मास्तरांचा. अ‍ॅडमिन कोण होईल असं त्यांनी विचारलं, तेव्हा कोणालाच नाही म्हणवेना, म्हणून सगळेच अ‍ॅडमिन झाले. रोज एकाला तरी नाही म्हणायचं आणि ग्रुपवर कळवायचं, असा नियम. रोज सगळे कळवत की आज जमलं नाही, उद्या नक्की. फार गोड माणसं. जिल्हाभर आपल्यासारखे इतके आहेत हे पाहून मला बरं वाटे, खोटं कशाला सांगू.

मग मुकेश नावाचा एक जण आत आला. हा भिडस्त नव्हता, पाण्याचे फिल्टर विकणारा होता. (नाही न म्हणणारे एवढे लोक एका जागी त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?) बघता बघता आमच्या घरोघरी फिल्टर लागले. आमच्याकडे दोन. त्याला काढायचं सगळ्यांच्या मनात होतं, काढायचा अधिकारही सगळ्यांना होता. पण बिचाऱ्याला वाईट वाटेल म्हणून कोणाचं बोट पुढे जाईना. शेवटी समोरासमोर बसून ठरवू म्हणून सभा बोलावली. कुठे, तर आमच्या मळ्यात. (मला विचारलं होतं, एवढंच सांगतो.)

सभेला मुकेशही आला. येऊ नको असं त्याला कोण म्हणणार? रतनसिंग मास्तर उठले, घसा साफ केला, आणि मुकेशलाच दोन शब्द बोलायची विनंती करून खाली बसले. त्याने पिशवीतून नवा फिल्टर काढला. लोकांचे हात मुकाट्याने खिशाकडे जाऊ लागले. तेवढ्यात गिरजा चहा घेऊन आली. तिने आमचे चेहरे पाहिले, त्याच्या हातात कप दिला आणि शांतपणे म्हणाली, “भाऊ, चहा घ्या अन् जा. इथं कोनाले काही घ्याचं नाही.”

“वहिनी, एकडाव पाहून तं घ्या.”

“नाही.”

चहा पिऊन तो खरंच गेला. ग्रुपही सोडला. आम्ही त्याचा रिकामा कप एकमेकांना दाखवला. इतकं सोपं असतं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी गिरजेला ग्रुपची प्रमुख व्हायला सांगितलं. तिने तेही नाकारलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आपला,
जानराव

ता.क. खरं काम राहिलंच. तुमच्या डीजेचे बॉक्स पावसाळाभर आमच्या कांदाचाळीत ठेवू म्हणाला होतात. ते जमणार नाही. (फोनवर तुमचा आवाज ऐकला की तोंडातून हो निघतं, म्हणून पत्र.)

ता.क. २. वरचं फार कडक वाटलं असेल तर चाळीची एक बाजू झाडून ठेवली आहे.

ता.क. ३. भाऊजी, मी गिरजा. पत्र पोस्टात टाकाले यायनं माह्याजवळ दिलं, म्हणून वाचलं. बॉक्स आणू नका. ताईले मात्र आठ दिवस मी बोलावलं. तुमी नाही म्हणसान, म्हणून तिलेच फोन केला. हे पत्र तुमच्या हाती येईन तवा ती इथं बसून वांग्याची भाजी खाऊन राह्यली असन.